कोण कुणाच्या सोबत

मे महिन्यातली रात्र असेल, दक्षिणेचं क्षितिज मोकळं असेल आणि आपण विषुववृत्तापासून उत्तरेला फार लांब राहत नसू, तर दहा-अकराच्या सुमारास अगदी खालच्या अंगाला दोन ठळक तारे मागेपुढे चालल्यासारखे दिसतात. पुढचा मित्रक, मागचा मित्र. नरतुरंग नावाच्या तारकासमूहातल्या घोड्याच्या पुढच्या पायांवरचे हे दोघं. त्यांना जोडणारी रेघ पश्चिमेकडे वाढवली की त्रिशंकू हा तारकासमूह सापडतो, म्हणून आकाश दाखवणारा प्रत्येक जण या दोघांची ओळख जोडीनंच करून देतो. मीही तशीच देतो. समोरचा माणूस मान डोलावतो, त्याला जोडी पटते, आणि मग मला ती मोडावी लागते.

कारण ही जोडी खोटी आहे. मित्र आपल्यापासून ४.३७ प्रकाशवर्षांवर आहे आणि मित्रक सुमारे ३९० प्रकाशवर्षांवर. एकमेकांशी त्यांचा काडीचाही संबंध नाही. मित्रक मुळातच प्रचंड तेजस्वी, म्हणून एवढ्या लांबून तो जवळच्याच्या बरोबरीनं मिरवतो, इतकंच. शिवाय मित्र स्वस्थ बसणारा नाही. आकाशात तो दरवर्षी ३.७ विकला सरकतो. एका अंशात ३६०० विकला, तेव्हा हे सरकणं एका माणसाच्या आयुष्यात नुसत्या डोळ्यांना जाणवणार नाही. पण असाच सरकत सरकत तो सुमारे चार हजार वर्षांनी मित्रकाला जवळजवळ खेटेल आणि तसाच पुढे निघून जाईल. जोडी खोटी असल्याचा तो चालताबोलता पुरावा.

खरी जोडी आहे ती मित्राच्याच एका ठिपक्यात. आणि या कुटुंबातला तिसरा तिथून दोन अंशांहून थोडा लांब, नुसत्या डोळ्यांना अजिबात न दिसणारा. म्हणजे जे सोबत दिसतात ते सोबत नाहीत, जे एकच दिसतं ते दोन आहेत, आणि ज्याचं खरोखर नातं आहे तो दिसतच नाही. गेल्या सव्वातीनशे वर्षांत माणसांनी हा गुंता सोडवला तो चांगल्या दुर्बिणींच्या जोरावर, हे खरं. पण त्याहून जास्त वाट बघण्याच्या जोरावर. आकाशात कोण कुणाचं हे एका नजरेत कळत नाही. दोघं चालताना बघावे लागतात.

क्षितिजाजवळचा तारा दुर्बिणीतून बघणं हे तसं कटकटीचं काम. वीस अंश उत्तर अक्षांशावरून मित्र नऊ अंशांच्या वर चढतच नाही. त्याचा प्रकाश हवेच्या जाड थरातून तिरका येतो, त्यामुळे प्रतिमा थरथरत राहते, फुगते, एका कडेला निळी आणि दुसऱ्या कडेला तांबडी झाक मारते. नेत्रिकेला डोळा लावून बसायचं. लांबट, गढूळ डाग दिसत राहतो. मग मधेच हवा थबकते, अर्धा सेकंद, कधी तेवढंही नाही. पण तेवढ्यात तो डाग तुटतो आणि दोन स्वच्छ बिंदू होतात, मध्ये काळी फट. एक पिवळसर पांढरा. दुसरा त्याच्याहून मंद, किंचित नारिंगीकडे झुकणारा. दुर्बिणीला मोटर नसेल तर पृथ्वीच्या फिरण्यानं दोघंही मिळून दृष्टिक्षेत्रातून सरकत बाहेर जातात. दुर्बीण जरा पुढे ढकलायची, पुन्हा थांबायचं. ज्यांना छायाचित्रांतल्या रंगीबेरंगी तेजोमेघांची सवय आहे ते हे पाहून हिरमुसतात, आणि त्यांचं फार चुकतं असंही नाही. दोन ठिपके आहेत. ते कोण आहेत हे माहीत नसेल तर त्यात बघण्यासारखं काहीच नाही.

ते दोन आहेत हे पहिल्यांदा कळलं भारतात. १६८९ च्या डिसेंबरात ज्याँ रिशो हा फ्रेंच जेझुइट पाद्री पाँडिचेरीतून एका धूमकेतूचे वेध घेत होता. सयामला गेलेल्या गणिती पाद्र्यांपैकी हा एक. १६८८ मध्ये तिथे सत्तापालट झाला, आणि पुढे तो पाँडिचेरीला येऊन पोचला. धूमकेतू बघता बघता त्याला वाटेतला हा ठळक तारा दुहेरी दिसला. ज्याला शोधत होता ते भलतंच, हाती लागलं ते भलतंच. पण रिशोला दिसलं ते एवढंच, की इथे दोन तारे आहेत. ते एकमेकांचे आहेत की योगायोगानं एका रेषेत आलेत, हे ठरवायला त्याच्याकडे साधन नव्हतं, आणि खरं तर तसा प्रश्नही त्या काळी कुणी विचारत नव्हतं. तो विचारला जायला आणखी शंभरेक वर्षं जावी लागली. विल्यम हर्शेलनं वीस-पंचवीस वर्षांच्या अंतरानं काही जोडताऱ्यांची मापं पुन्हा घेतली आणि १८०३ मध्ये दाखवून दिलं, की त्यातले काही एकमेकांभोवती फिरताहेत. त्याचा मुलगा जॉन हर्शेल १८३४ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या केपला गेला आणि तिथून मित्राच्या दोन घटकांची मापं घेऊ लागला. आज त्या दोघांना मित्र-अ आणि मित्र-ब म्हणतात.

पण या गोष्टीतला माझा आवडता माणूस हर्शेल नव्हे. तो आहे टॉमस हेंडरसन. डंडीचा, पेशानं वकिली कचेरीतला, डोळ्यांनी अधू, आणि खगोलशास्त्राचं वेड. १८३२ मध्ये त्याला केपच्या वेधशाळेत राजज्योतिषी म्हणून पाठवलं. ती जागा त्याला मनापासून नावडली. जेमतेम वर्षभर राहून, १८३३ मध्ये राजीनामा देऊन तो परत गेला. मात्र तेवढ्या काळात त्यानं वेधांचा ढीग जमवला होता. केपमध्ये असतानाच सेंट हेलेना बेटावरच्या मॅन्युएल जॉन्सननं त्याला कळवलं, की मित्र इतर ताऱ्यांच्या मानानं फार वेगानं सरकतोय. वेगानं सरकतो तर जवळचा असणार, आणि जवळचा असेल तर त्याचं अंतर मोजता येईल, हा हिशोब कुणाच्याही डोक्यात यावा असाच होता.

अंतर मोजायचं ते पराशयावरून. पृथ्वी सूर्याच्या या बाजूला असताना तारा कुठे दिसतो आणि सहा महिन्यांनी त्या बाजूला गेल्यावर कुठे, यातल्या फरकाचा निम्मा. मित्राच्या बाबतीत हा पराशय ०.७५ विकला आहे. दोन सेंटिमीटर व्यासाचं नाणं साडेपाच किलोमीटरवरून जेवढं दिसेल तेवढा कोन. आणि हा सगळ्यात जवळच्या ताऱ्यांचा. बाकीच्यांचा याहून कमी. हेंडरसनकडे होतं भिंतीत घट्ट बसवलेलं एक मोठं अंशांकित वर्तुळ. तारा याम्योत्तर वृत्त, म्हणजे आकाशाची उत्तर-दक्षिण मध्यरेषा, ओलांडताना त्याची उंची त्यावर वाचायची, एवढंच त्याचं काम. त्या यंत्राच्या अचूकपणाबद्दल आधीपासून शंका होत्या. शिवाय पराशय सापडल्याचे दावे आधी अनेकांनी केले होते आणि ते सगळे फोल ठरले होते. हेंडरसनच्या आकड्यांमध्ये एका विकलेच्या आसपासचा पराशय दिसत होता, पण त्याला तो खरा वाटेना. सहायकानं वेगळ्या पद्धतीनं घेतलेले वेध हाती येऊन ताडून पाहीपर्यंत तो थांबून राहिला.

दरम्यान १८३८ मध्ये फ्रीडरिक बेसेलनं हंस तारकासमूहातल्या ६१ क्रमांकाच्या ताऱ्याचं अंतर जाहीर केलं. ताऱ्याचं अंतर मोजणारा पहिला माणूस म्हणून इतिहासात नाव लागलं बेसेलचं. हेंडरसनचा निबंध आला १८३९ च्या जानेवारीत. हुकलं ते जेमतेम काही महिन्यांनी, आणि वेध तर १८३३ पासून त्याच्याजवळ होते! ही गोष्ट सांगताना बहुतेक जण हळहळतात. मला तसं वाटत नाही. त्याचं माप खऱ्यापेक्षा बरंच जास्त होतं. पुढे १८८० च्या दशकात डेव्हिड गिल आणि विल्यम एल्किन यांनी त्याच केपमधून ते ०.७५ वर आणून ठेवलं. स्वतःच्या आकड्यांवर चटकन विश्वास न ठेवणं हा वकिली कचेरीत लागलेला गुण असेल, तर मला तो पराशयाच्या मानापेक्षा मोठा वाटतो. या ताऱ्याच्या पुढच्या इतिहासात अशा संशयी माणसांची गरज पुन्हा पुन्हा पडलेली आहे.

अंतर कळलं की एक मौज करता येते, आणि ती कागदावर पाच मिनिटांत होते. अ आणि ब एकमेकांभोवती ७९.९ वर्षांत एक फेरी घालतात. त्यांच्या कक्षेची अर्धी लांबी आकाशात १७.६ विकला भरते. मित्राचं अंतर धरून तिचे खगोलीय एकक केले की येतात सुमारे २३.५. पृथ्वी ते सूर्य हे एक एकक. आता केप्लरचा तिसरा नियम: २३.५ चा घन करायचा, येतो सुमारे १२,९८०. ७९.९ चा वर्ग, सुमारे ६,३८४. भागाकार करायचा. उत्तर दोन आणि किंचित वर. म्हणजे त्या दोघांचं मिळून वस्तुमान दोन सूर्यांएवढं. तराजू नाही, स्पर्श नाही. दोन ठिपक्यांनी एकमेकांभोवती मारलेल्या चकरेवरून त्यांचं वजन निघालं. हा भागाकार मी अनेकदा केलाय, उत्तर काय येणार हे माहीत असूनही. वाटणी करायची तर अ सूर्याच्या १.०८ पट आणि ब ०.९१ पट. तेजाच्या बाबतीत फरक जास्त: अ सूर्याच्या दीडपट, ब निम्मा.

कक्षा गोल नाही, चांगलीच लांबट आहे. जवळ येतात तेव्हा दोघांमध्ये ११ एककांचं अंतर, म्हणजे आपल्याकडे सूर्य ते शनी यापेक्षा थोडं जास्त. लांब जातात तेव्हा ३५ च्या पुढे, नेपच्यूनच्याही पलीकडे. मागच्या वेळी ते जवळ आले होते १९५५ मध्ये. पुढची वेळ २०३५. एक फेरी म्हणजे एक भरघोस मानवी आयुष्य. १९५५ साली जन्मलेल्या माणसाची आणि त्या फेरीची सुरुवात एकच. रिशोपासून आजवर त्यांच्या चारच फेऱ्या पुऱ्या झाल्या आहेत.

आता समजा अ भोवती, आपली पृथ्वी आहे तेवढ्याच अंतरावर, एखादा ग्रह आहे. तिथलं आकाश कसं असेल? चित्रांमध्ये हमखास दोन सूर्य क्षितिजावर शेजारी मावळताना दाखवतात, दोन्ही सारख्याच आकाराचे. ते चुकीचं आहे. ब तिथून थाळीसारखा दिसणार नाही. जवळ येईल तेव्हासुद्धा त्याचा आकार आपल्या सूर्याच्या तेरा-चौदाव्या हिश्श्याएवढा. जवळजवळ बिंदूच, पण असा बिंदू की दूर असताना आपल्या पौर्णिमेच्या चंद्राच्या दीडशे पट प्रकाश देणारा आणि जवळ असताना दीड हजार पट. त्या प्रकाशात सावल्या पडतील आणि त्यांच्या कडा वस्तऱ्यानं कापल्यासारख्या असतील, कारण प्रकाशाचा उगम इतका बारीक. तिथल्या वर्षाच्या एका भागात ब रात्री उगवणार, आणि तेव्हा खरा अंधार असा होणारच नाही. दुसऱ्या भागात तो दिवसा अ च्या सोबत असणार, आणि तेव्हाच फक्त रात्री काळ्या. ताऱ्यांचा अभ्यास तिथे हंगामी धंदा असेल.

त्या काळ्या रात्री वर पाहिलं तर बहुतेक तारकासमूह आपल्या ओळखीचे निघतील, कारण चार-सव्वाचार प्रकाशवर्षं म्हणजे फार मोठा पल्ला नव्हे. मृग जागेवर, वृश्चिक जागेवर. दोन गोष्टी विशेष खटकतील. एक म्हणजे व्याध. तो आपल्याला जवळचा, म्हणून तिथून भलतीकडेच सरकलेला. मृगातल्या काक्षीला खेटून बसलेला दिसेल. काक्षी शेकडो प्रकाशवर्षं मागे, पण तिथल्या ज्योतिषांना तीच एक झकास जोडी वाटेल. दुसरी गोष्ट म्हणजे शर्मिष्ठा. तिच्या पाच ताऱ्यांच्या नागमोडी रेषेला सहावा जोडलेला, चांगला ठळक, अर्ध्या प्रतीचा (प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद), पिवळसर. तो आपला सूर्य.

आणि तिसरा? तो त्या ग्रहावरूनही जेमतेम दिसेल, साडेचार-पाच प्रतीचा, शेकडो मंद ताऱ्यांमधला एक. घरातल्या माणसांनाही मुद्दाम दाखवावा लागेल असा.

आपल्याकडे तो सापडला १९१५ मध्ये. जोहान्सबर्गच्या युनियन वेधशाळेचा प्रमुख रॉबर्ट इनेस यानं मित्राच्या आजूबाजूच्या भागाची पाच वर्षांच्या अंतरानं घेतलेली दोन छायाचित्रं एका यंत्रावर ठेवली. या यंत्रात एक काच दिसते, झटक्यात दुसरी, पुन्हा पहिली. जे तारे स्थिर आहेत ते स्थिरच दिसतात. जो हलला असेल तो मागेपुढे उड्या मारतो. हजारो ठिपक्यांतून असा एक उड्या मारणारा शोधायचा म्हणजे तास न् तास त्या लुकलुकत्या भिंगात बघत बसायचं. इनेसला एक सापडला. मित्रापासून दोन अंशांवर, अकराव्या प्रतीचा, कुणाच्या खिजगणतीत नसलेला. तो सरकत होता, आणि सरकण्याची दिशा व वेग मित्रासारखाच होता. दोन अंश म्हणजे आकाशात चार पूर्णचंद्रांएवढं अंतर. एवढं अंतर ठेवून पण पावलाला पाऊल मिळवून चाललेला. पुढे त्याचं अंतर मोजलं तेव्हा तो मित्रापेक्षाही आपल्याला किंचित जवळ निघाला, ४.२४ प्रकाशवर्षं. इनेसनं सुचवलेलं प्रॉक्झिमा, म्हणजे लॅटिनमध्ये 'सगळ्यात जवळचा', हे नावच मग कायम झालं.

प्रॉक्झिमा हा लाल बटू तारा. सूर्याच्या १२ टक्के वस्तुमानाचा. सूर्याच्या सगळ्यात जवळचा तारा, आणि तो डोळ्यांना दिसत नाही! काखेत कळसा म्हणतात तसंच.

तरीही एक शंका शंभर वर्षं राहून गेली. प्रॉक्झिमा अ आणि ब पासून सुमारे १३,००० एककांवर आहे. इतक्या लांबून त्यांचं गुरुत्वाकर्षण त्याला बांधून ठेवू शकतं की तो नुसता वाटेवर भेटलेला, काही काळ सोबत चाललेला? दिशा एकच, वेग साधारण एकच, पण 'साधारण' या शब्दात सगळा घोळ होता. वेग किंचित जास्त असता तर तो कधीच निसटून गेला असता. ताऱ्यांचे आपल्या दिशेचे वेग पुरेशा अचूकतेनं मोजता येऊ लागले तेव्हा कुठे २०१७ मध्ये पिएर केर्वेला आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न निकालात काढला. प्रॉक्झिमा बांधलेला आहे. त्याला अ-ब भोवती एक फेरी घालायला सुमारे साडेपाच लाख वर्षं लागतात. या आकड्यापुढे आपण काय बोलणार? मागच्या फेरीच्या सुरुवातीला पृथ्वीवर आजचा माणूसच नव्हता.

ग्रहांची गोष्ट मात्र अजून अशी निकालात निघालेली नाही, आणि तिथेच हेंडरसनची आठवण जास्त येते. तारा जवळचा आहे म्हणजे त्याचे ग्रह शोधणं सोपं, असं कुणालाही वाटेल. इथे उलटं आहे. एका ताऱ्याचा झगमगाट झाकावा तर दुसरा शेजारीच, आणि त्याचाही प्रकाश उपकरणात घुसतो. दुसरी पद्धत म्हणजे ग्रहाच्या ओढीनं तारा किती डुलतो ते मोजणं. २०१२ च्या ऑक्टोबरात चिलीतल्या ला सिया वेधशाळेच्या वेधांवरून जाहीर झालं, की ब भोवती पृथ्वीएवढा ग्रह आहे, ३.२४ दिवसांत फेरी मारणारा. ब च्या वेगात त्यामुळे पडणारा फरक सेकंदाला अर्धा मीटर. सावकाश रांगणाऱ्या बाळाचाही वेग याहून फार कमी नसतो. सूर्यासारख्या ताऱ्याची, आणि तीही आपल्याला सर्वांत जवळच्या मंडळातली, हालचाल इतकी बारीक पकडली गेली याचा गाजावाजा व्हायचा तो झालाच.

तीन वर्षांनी ऑक्सफर्डच्या संशोधकांनी एक साधी गोष्ट केली. संगणकात एक खोटा तारा तयार केला, ज्याला ग्रहच नाही. ताऱ्यावरच्या डागांचा आणि उपकरणाचा गोंगाट मात्र ठेवला. मग मूळ वेध ज्या ज्या रात्री घेतले होते, नेमक्या त्याच वेळांना या खोट्या ताऱ्याचे 'वेध' घेतले. त्यातही ३.२४ दिवसांचा ग्रह निघाला. म्हणजे तो ग्रह ताऱ्याभोवती नव्हताच, वेधांच्या तारखांमधल्या खाड्यांत होता. दुर्बीण ज्या रात्री दुसरीकडे वळलेली होती त्या रात्रींनी मिळून त्याला जन्म दिला होता. विज्ञानातल्या चुका दुरुस्त होण्याच्या मला माहीत असलेल्या गोष्टींत ही सगळ्यात देखणी.

प्रॉक्झिमाच्या बाबतीत नशिबानं साथ दिली. २०१६ च्या ऑगस्टमध्ये जाहीर झालेला त्याचा ग्रह पुढच्या तपासण्यांत टिकून राहिला. ११.२ दिवसांत फेरी, वस्तुमान निदान पृथ्वीएवढं, आणि पाणी द्रवरूप राहू शकेल अशा पट्ट्यात. लगेच 'दुसरी पृथ्वी' वगैरे सुरू झालं. पण प्रॉक्झिमा भडकू आहे. २०१६ च्याच मार्चमध्ये त्याच्यावर एवढा मोठा भडका उडाला की थोड्या वेळापुरता तो नेहमीच्या सुमारे ६८ पट तेजस्वी झाला. असे भडके वारंवार सोसणाऱ्या ग्रहावर हवेचा थर उरला असेल का, हाच पहिला प्रश्न. लेझरच्या झोतावर ढकलली जाणारी हलकी शिडं प्रकाशाच्या एक पंचमांश वेगानं तिकडे धाडायची योजनाही त्याच वर्षी मांडली गेली. वीस-बावीस वर्षांत पोचायचं, सेकंदाला साठ हजार किलोमीटरच्या वेगानं बाजूनं सुसाट जायचं, थांबायची सोय नाही. मला त्या योजनेचं फारसं आकर्षण वाटलं नाही. ज्या कुटुंबाचा एकेक सदस्य ओळखायला शंभर-शंभर वर्षं लागली, त्याला असं धावत्या गाडीतून बघून काय कळणार?

मला जास्त उत्सुकता आहे ती अ च्या ग्रहाची. २०२४ च्या ऑगस्टमध्ये जेम्स वेब दुर्बिणीनं अ चा प्रकाश झाकून, ब चा हिशोबानं वजा करून अवरक्त प्रकाशात पाहिलं, तेव्हा अ च्या शेजारी, सुमारे दोन एककांवर, त्याच्या दहा हजार पटीनं मंद असा एक ठिपका दिसला. ग्रह असेल तर साधारण शनीच्या वस्तुमानाचा, वायूचा. मग २०२५ च्या फेब्रुवारीत आणि एप्रिलमध्ये पुन्हा पाहिलं. ठिपका नव्हता! पूर्वी असतं तर एवढ्यावर प्रकरण बंद झालं असतं. संशोधकांनी शक्य असलेल्या कक्षा संगणकावर चालवून बघितल्या, तर जवळपास निम्म्या कक्षांमध्ये तो ग्रह त्या महिन्यांत ताऱ्याच्या फार जवळ, म्हणजे झाकलेल्या भागात गेलेला असणार होता. तेव्हा ठिपका दिसला म्हणून ग्रह आहे असं नाही, आणि दिसला नाही म्हणून ग्रह नाही असंही नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी हे जाहीर केलं ते 'उमेदवार' म्हणूनच. तो शब्द वापरल्याबद्दल मला त्यांचं कौतुक वाटतं.

आणखी एक योग येऊ घातलाय. मित्र-अ सरकता सरकता २०२८ च्या मे महिन्यात दूरवरच्या एका मंद ताऱ्याच्या जवळजवळ समोरून जाणार आहे. हा मागचा तारा या गोष्टीत कुणाचाच कुणी नाही. पण अ च्या गुरुत्वाकर्षणानं त्याचा प्रकाश किती वाकतो हे मोजता आलं, तर अ चं वजन वेगळ्या वाटेनं निघेल, आणि अ भोवती कुणी फिरत असेल तर त्याचीही चाहूल कदाचित त्यात लागेल.

साध्या दुर्बिणीवाल्यांसाठी तारखा वेगळ्या आहेत. आपल्याला दिसणारं अ आणि ब मधलं अंतर २०१६ च्या आसपास जेमतेम चार विकला उरलं होतं. तेव्हापासून ते वाढतंय आणि २०२९ च्या सुमारास दहाच्या थोडं पुढे जाईल. त्यानंतर दोघं झपाट्यानं जवळ येतील, आणि २०३७-३८ मध्ये अंतर दोन विकलांच्याही खाली. क्षितिजालगतच्या थरथरत्या हवेतून तेव्हा लहान दुर्बिणीला ते वेगळे दाखवणं जमणार नाही. ज्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दोघं बघायचे आहेत त्यांनी येते काही मे महिने दवडू नयेत. सत्तर-ऐंशी पट मोठं करणारी नेत्रिका लावावी, आणि तारा याम्योत्तरावर यायच्या आधी अर्धा तास दुर्बीण उघड्यावर थंड व्हायला ठेवावी.